अंडाकरी आणि टेक्सासचा गव्हर्नर

लोकलमध्ये असाल, भांडी घासत असाल, नाहीतर घरी 'अभ्यासिकेत जातो' सांगून कट्ट्यावर बसला असाल. जिथे असाल तिथे पुढची काही मिनिटं माझ्यासोबत राहा. आज एका डॉक्युमेंटरीबद्दल बोलायचंय. डॉक्युमेंटरी म्हटलं की अर्ध्या लोकांचा अंगठा लगेच पुढच्या एपिसोडकडे जातो, माहितीये मला. पण थांबा जरा. यात खून नाही, मारामारी नाही, तरी मी नखं खात बघितली. आणि ती बघून मला माझी स्वतःची एक जुनी भानगड आठवली. तीही सांगणार आहे, पण शेवटी.

फिल्मचं नाव 'बॉईज स्टेट'. दिग्दर्शक दोघं आहेत, जेसी मॉस आणि अमांडा मॅकबेन. 2020 साली सनडान्स महोत्सवात हिला अमेरिकन डॉक्युमेंटरीचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती ॲपल टीव्ही प्लसवर आली.

विषय काय, तर उन्हाळी शिबिर. आपल्याकडे उन्हाळी शिबिर म्हणजे पोहणं, मातीकाम, फार तर नाट्यछटा. अमेरिकेत 'अमेरिकन लीजन' नावाची माजी सैनिकांची संघटना आहे. ती 1935 पासून वेगळंच शिबिर भरवते. तिथे मुलं 'सरकार सरकार' खेळतात. बिल क्लिंटन याच शिबिरातून गेलेले, डिक चेनीसुद्धा.

फिल्ममध्ये 2018 च्या उन्हाळ्यातलं टेक्सासचं शिबिर दिसतं. हजारावर मुलं, बहुतेक सतराच्या आसपासची, आणि हातात एक आठवडा. आल्या आल्या त्यांची दोन पक्षांत वाटणी होते, फेडरलिस्ट आणि नॅशनलिस्ट. गंमत म्हणजे या पक्षांना स्वतःचा विचार असा काहीच नाही. तुम्ही कुठल्या पक्षात जाणार हे शिबिरवाले ठरवतात आणि मग मुलांनी बसून आपला जाहीरनामा तयार करायचा. अध्यक्ष निवडायचा, उमेदवार उभे करायचे, सह्या गोळा करायच्या, भाषणं ठोकायची. सगळ्यात मोठं पद गव्हर्नरचं. आदल्या वर्षी, म्हणजे 2017 ला, याच शिबिरातल्या मुलांनी 'टेक्सास अमेरिकेतून फुटून निघणार' असा ठराव पास केला होता! ती बातमी वाचूनच दिग्दर्शकांचं लक्ष इकडे गेलं.

आता विचार करा. गव्हर्नर झालात तर मिळतं काय? पगार नाही, गाडी नाही, लाल दिवा नाही. आठवडा संपला की सगळे आपापल्या घरी. म्हणजे खरं बोलून हरलात तरी खिशातलं काही जात नाही. तरी ही पोरं काय काय करतात ते बघण्यासारखं आहे.

रॉबर्ट नावाचा मुलगा आहे. देखणा, हसरा, दोन मिनिटांत कुणालाही दोस्त करणारा. स्टेजवर तो गर्भपाताच्या विरोधात बोलतो आणि टाळ्या घेतो. नंतर एकटाच कॅमेऱ्यासमोर बसून शांतपणे सांगतो की त्याचं स्वतःचं मत तसं नाही. समोरच्या गर्दीला जे हवं होतं ते त्याने दिलं, बस.

बेन फेडरलिस्टांचा अध्यक्ष. लहानपणी आजारपणात दोन्ही पाय गेलेले, डोकं मात्र तलवारीसारखं. जिंकायचं तर काय करावं लागतं याचं त्याचं गणित पक्कं आहे आणि ते तो लपवतही नाही. नॅशनलिस्टांचा अध्यक्ष रेने, कृष्णवर्णीय, बोलायला उभा राहिला की हॉल गप्प. त्याला हटवायला त्याच्याच पक्षातली मुलं उठतात.

आणि मग स्टीव्हन. आई मेक्सिकोतून आलेली. अंगावर साधा टी-शर्ट, आवाज हळू. हा बर्नी सँडर्सला मानणारा मुलगा, आणि भोवताली बहुतेक सगळी पोरं उजव्या विचारांची. त्याला भाषणबाजी येत नाही, निदान सुरुवातीला तसं वाटतं. तो एकेका मुलाजवळ जाऊन विचारतो, 'तुला काय वाटतं?' आणि ऐकतो. एवढंच. ऐकत ऐकत हा पठ्ठ्या रॉबर्टला मागे टाकून गव्हर्नरपदाचा उमेदवार होतो.

मग विरोधक त्याचा इतिहास उकरतात. 2018 सालीच बंदुकांवर कडक कायदे हवेत म्हणून अमेरिकेतल्या शाळकरी मुलांनी मोर्चे काढले होते. त्यात स्टीव्हन पुढे होता. टेक्सासमध्ये हे बाहेर येणं म्हणजे विषय संपला. ही गोष्ट खोटी नव्हती बरं का. फक्त योग्य वेळी, योग्य कानांत सोडली गेली.

स्टीव्हन हरतो. (सॉरी, शेवट फोडला. पण तो कसा हरतो यासाठी फिल्म बघाच.)

आता माझी भानगड.

मी हॉस्टेलला होतो तेव्हा आमच्याकडे दरवर्षी मेस सेक्रेटरीची निवडणूक व्हायची. महाराष्ट्रात कॉलेजातल्या थेट निवडणुका नव्वदच्या दशकात बंद झाल्या. 'युवा संसदे'त मी एकदा विरोधी पक्षनेता होतो, पण तिथले संवाद सरांनी लिहून दिलेले. सभात्याग कधी करायचा हेसुद्धा! त्यामुळे आमच्यासाठी मेसची निवडणूक हीच खरी निवडणूक. माझ्यासमोर उभा होता माझाच रूममेट. त्याला सगळे 'मास्तर' म्हणायचे, कारण हिशोब चोख. आधीच्या टर्मला तोच सेक्रेटरी होता आणि परत तोच येणार हे दिसत होतं.

दर बुधवारी अंडाकरी असायची, प्रत्येकी दोन अंडी. निवडणुकीच्या आदल्या बुधवारी काहींना एकच मिळालं. मी जेवताना सहज म्हणालो, 'ट्रे तर तेवढेच येतात ना रे? मग बाकीची अंडी जातात कुठे? मास्तरला विचारायला पाहिजे.'

बस. एवढंच बोललो. आरोप केला नाही, नुसता प्रश्न विचारला. रात्रीपर्यंत तिन्ही मजल्यांवर पसरलं होतं की मास्तर अंडी विकतो. मी निवडून आलो. नंतर कळलं की त्या दिवशी एक ट्रे स्वयंपाकघरात पडून फुटला होता. मला हे कळलं तेव्हा मी सेक्रेटरी होतो आणि मी ते कुणाला सांगितलं नाही. मास्तरने पुढच्या सेमिस्टरला रूम बदलली. मी मनाशी म्हटलं, 'काय हा, एवढ्या तेवढ्या गोष्टीवरून! खेळच तर होता.'

हेच 'खेळच तर होता' मला फिल्म बघताना टोचलं. शिबिर म्हणजे खेळ, पदं खोटी, पक्ष खोटे, मान्य. पण रेनेला जे ऐकावं लागलं ते खोटं नव्हतं, स्टीव्हनच्या डोळ्यांतलं पाणी खोटं नव्हतं. आपण भूमिका करतो तेव्हा भूमिकेच्या आडून आपणच वागत असतो. उलट हरण्या-जिंकण्याने काही बिघडणार नसतं, तेव्हा आपण कसे वागतो त्यावरून आपली जास्त ओळख पटते. मला एका सेमिस्टरच्या मेससाठी मित्राला चोर ठरवता आलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती.

फिल्म संपल्यावर मी मास्तरचा नंबर शोधला. तीन-चार जणांना विचारून मिळाला. त्याला सगळं लिहिलं. फुटलेला ट्रे, मला ते कधी कळलं, मी गप्प का बसलो. खाली फिल्मचं नावही दिलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'बघतो फिल्म. त्या महिन्याच्या मेस रजिस्टरची झेरॉक्स अजून घरी आहे माझ्याकडे.'

इतकी वर्षं, मंडळी. माझ्यासाठी तो खेळ होता आणि तो माणूस पुरावा जपून बसला होता, कारण त्याला कुणी विचारलंच नव्हतं. पुढच्या महिन्यात भेटायचं ठरलंय. झेरॉक्स घेऊन ये म्हटलंय, मला बघायचीय.

तर 'बॉईज स्टेट' नक्की बघा. याच दिग्दर्शकांची मुलींच्या शिबिरावरची 'गर्ल्स स्टेट'ही 2024 मध्ये आलीये, तिच्यावर पुन्हा कधीतरी बोलू. आणि तुमच्याकडे असा एखादा 'खेळ' असेल, जीएस-सीआरच्या निवडणुकीतला, गणपती मंडळातला, तर मला व्हॉइस नोट पाठवायच्या आधी ज्याच्याशी खेळलात त्याला पाठवा.

भेटू पुढच्या एपिसोडला. काळजी घ्या.