छोट्या मोटारीचा ताप

दुरून चालवायच्या विजेवरच्या छोट्या मोटारगाड्या आपल्याकडच्या मुलांना, आणि खरे सांगायचे तर मुलांच्या वडिलांनाही, आता चांगल्याच परिचयाच्या झाल्या आहेत. रिमोटचा चाप जरा ओढला की हातभर लांबीची गाडी धूळ उडवीत मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाते. हिला खेळणे म्हणावे, तर किंमत काही खेळण्याची नसते. कित्येक मुले महिनोन्‌महिने पैसे साठवून ती घेतात. आणि तिच्यातली मोटर मात्र एका दुपारीत कायमची दुबळी होऊ शकते. कशाने? तर उष्णतेने.

जुन्या धर्तीच्या मोटरीत कार्बनचे ब्रश फिरत्या भागावर घासून वीज पोचवीत. ब्रशलेस मोटरीत हे घासणे नाही. तांब्याच्या तारेची वेटोळी बाहेरच्या कवचाला लागून स्थिर असतात आणि मधोमध, आसावर बसवलेला लोहचुंबक फिरतो. कोणत्या वेटोळ्यात केव्हा प्रवाह सोडायचा, ते स्पीड कंट्रोलर ठरवतो. आता घासणे गेले म्हणजे तापणेही गेले, असा पुष्कळांचा समज होतो. पण तांब्यातून प्रवाह गेला की तांबे तापणारच. शिवाय प्रवाह दुप्पट झाला तर ही उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. त्यातच तापलेले तांबे प्रवाहाला अधिक विरोध करते. पंचवीस अंश सेल्सियसवरून शंभर अंशांवर गेले, की हा विरोध सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो.

पण खरा धोका असतो तो मधल्या लोहचुंबकाला. हा निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचा असतो. १९८० च्या दशकाच्या आरंभी जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांनी स्वतंत्रपणे तो सिद्ध केला. एवढ्याशा मोटरीत एवढा जोर आला तो याच्यामुळे. मात्र त्याच्या साध्या प्रती सुमारे ८० अंशांपर्यंतच भरवशाच्या. दीडशे अंश व त्याहून अधिक सोसणाऱ्या प्रती मिळतात, पण आपल्या मोटरीत कोणती बसवली आहे हे बाहेरून कळत नाही. मर्यादा ओलांडली की चुंबकत्वाचा काही भाग जातो, आणि मोटर थंड झाली तरी तो परत येत नाही.

यातली गंमत, किंवा दुर्दैव म्हणा, असे की चुंबक दुबळा झाला की मोटर रिकामी असताना पूर्वीपेक्षा वेगाने फिरते! गाडी हातात उचलून चाके फिरवून पाहणारा खूश होतो. पण जमिनीवर ठेवली की तेवढाच जोर लावायला तिला अधिक प्रवाह ओढावा लागतो. अधिक प्रवाह म्हणजे अधिक उष्णता, आणि अधिक उष्णतेने चुंबक आणखी दुबळा. असे हे चक्र आहे.

मग उपाय कोणता? बहुतेकजण आधी पंखा विकत आणतात. पंखा चांगलाच, पण तो झालेली उष्णता काढून नेतो. ती मुळात कमी व्हावी, तर दातेरी चाकांकडे पाहिले पाहिजे. समजा, मोठ्या चाकाला ५४ दाते आणि मोटरीवरच्या लहान चाकाला, म्हणजे पिनियनला, १८ दाते आहेत. प्रमाण झाले तीनास एक. पिनियन १५ दात्यांचे बसवले, तर प्रमाण ३.६ होते. चढावर सायकलस्वार हलका गिअर टाकतो, तसेच हे. तेवढ्याच ओझ्याला मोटरीला पाच-षष्ठांश जोर लागतो, प्रवाहही त्याच मानाने उतरतो आणि तांब्यातली उष्णता सुमारे ७० टक्क्यांवर येते. वरचा वेग सहाव्या हिश्श्याने कमी होतो, एवढीच काय ती किंमत. टायर मोठे बसवले तर याच्या उलट होते. म्हणून मोठे टायर घातले की पिनियन लहान करावे. डांबरी रस्त्यावर चालणारे पिनियन गवतात चालेलच असेही नाही.

नवे पिनियन घातल्यावर तीन मिनिटे गाडी चालवावी, थांबवावी आणि तापमान पाहावे. बोट लावून पाहू नये. ६० अंशांचा धातू काही सेकंदांत भाजतो. दुरून मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर असतो, तो वापरावा. पण चकचकीत धातूवर तो कमी तापमान दाखवतो. कवचावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर मोजावे. आतला भाग कवचाहून गरम असतो, हेही ध्यानात ठेवावे. गाडी थांबली की वारा थांबतो आणि कवच थोडा वेळ आणखी तापते. म्हणून मिनिटभराने पुन्हा मोजावे. बाहेर ७० अंशांच्या आत असले तर चिंता नाही. ८० दिसले तर पिनियन लहान करावे.

हवेचाही हिशेब यात धरावा लागतो. मोटर सभोवतालच्या हवेपेक्षा ५० अंशांनी तापते असे धरा. महाबळेश्वरला थंडीत, १५ अंशांच्या सकाळी, ती ६५ वर राहील. नागपुरास मे महिन्यात, ४५ अंशांच्या दुपारी, तीच गाडी ९५ वर जाईल. तेव्हा हिवाळ्यात जमलेले पिनियन उन्हाळ्यात बदलावे, किंवा निदान संध्याकाळी खेळावे.

आणखी दोन-तीन गोष्टी. दातेरी चाके एकमेकांत घट्ट रुतलेली नसावीत. मध्ये कागदाची पट्टी धरून ती बसवावीत आणि मग पट्टी काढून घ्यावी. बेअरिंगमधली माती साफ करावी. एक बॅटरी संपली की लगेच दुसरी जोडू नये. मोटर निवू द्यावी.

घरातल्या वडीलधाऱ्यांना शेवटी एवढेच सुचवावेसे वाटते: मुलाने अधिक वेगाची मोटर मागितली, तर तिच्याआधी त्याला दोन-तीन पिनियने आणि एक थर्मामीटर आणून द्या. खर्च थोडा होईल. शिवाय दाते मोजता मोजता, आकडे मांडता मांडता जे शास्त्र तो शिकेल, ते गाडी जुनी झाली तरी त्याच्याजवळ राहील.