‘प्रतिबंधक’ या शब्दाचा आधार

आयव्हरमेक्टिन हे मूळचे जंतनाशक. आफ्रिकेतील नदी-अंधत्वाच्या रोगावर त्याने केलेले उपकार थोर आहेत. २०१५ चे नोबेल यथार्थच होते. परंतु मे २०२१ मध्ये आपल्या गोव्यात १८ वर्षांवरील सर्वांना ते कोविडप्रतिबंधक म्हणून देण्याचे जाहीर झाले, तेव्हा भाषेचा विद्यार्थी या नात्याने मला ‘प्रतिबंधक’ हा शब्द खटकला. आधार काय, तर २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात काचपात्रातील पेशींत विषाणू घटलेला दिसला. तेवढी मात्रा नेहमीच्या गोळ्यांनी रक्तात पोहोचतच नाही! गोळीने गुण आला असे सांगणारे खोटे बोलत नव्हते. पण बहुतेक रोगी गोळीवाचूनही बरे होत होते. तुलना हवी होती. ब्राझीलमधील मोठ्या चाचणीत ती झाली. २०२२ मध्ये निष्कर्ष आला : रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण घटले नाही.