जुन्या ई-पत्रांचें स्थलांतर

पुण्याच्या पेशवे दप्तरांतील कागद रुमालांत बांधून ठेवलेले होते, आणि १९३० ते १९३४ या अवघ्या पांच वर्षांत गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या देखरेखीखालीं त्यांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड छापून निघाले. हें काम होऊं शकलें याचें एक कारण अगदीं साधें आहे. रुमाल सोडला कीं कागद हातीं येतो. तो उघडण्यास यंत्र लागत नाहीं. विसाव्या शतकाच्या अखेरीस जो पत्रव्यवहार कागद सोडून संगणकांत गेला, त्याची गोष्ट अशी नाहीं. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें सामान्य लोकांस इंटरनेट खुलें केलें, आणि त्यानंतर थोडक्याच वर्षांत मुंबई-पुण्याच्या अनेक घरांतून अमेरिकेस गेलेल्या मुलामुलींशीं चालणारा पत्रव्यवहार निळ्या एरोग्रॅमवरून ई-मेलवर आला. त्यांत लिहिणारीं कित्येक माणसें आज हयात नाहींत. त्यांचीं पत्रें कोठें आहेत असें विचारल्यास पुष्कळांचें उत्तर येतें, "जुन्या संगणकांत असतील." हें "असतील" फार धोक्याचें आहे.

या बाबतींत प्रथम एक भेद ध्यानीं धरला पाहिजे. ई-पत्र ही एक वस्तु आणि तें वाचण्याचा प्रोग्रॅम ही दुसरी. पत्राचें स्वरूप १९८२ सालीं ठरलेल्या नियमावलीनें निश्चित झालें, आणि पुढें सुधारणा होऊनहि तें मूलतः तसेंच राहिलें: वर पाठविणाऱ्याचें नांव, घेणाऱ्याचें नांव, तारीख, विषय, मग एक कोरी ओळ, आणि तिच्याखालीं मजकूर. १९९२ सालीं त्यांत छायाचित्रें व इतर फाइली जोडण्याची रीत ठरली. त्यासाठीं चित्राचें रूपांतर साध्या अक्षरांत करतात, आणि त्यामुळें त्याचा आकार सुमारें एक-तृतीयांशानें वाढतो. हें स्वरूप सर्व जगांत एकच आहे. परंतु आलेलीं पत्रें पेटींत कशीं रचावयाचीं, हें मात्र प्रत्येक प्रोग्रॅमनें आपल्या मर्जीनें ठरविलें. थंडरबर्ड हा प्रोग्रॅम एका फोल्डरांतील सारीं पत्रें एकाखालीं एक जोडून साध्या मजकुराच्या एकाच लांबलचक फाइलींत ठेवतो. आउटलुक एक्स्प्रेस मात्र त्यांसाठीं डीबीएक्स जातीची स्वतःची फाइल करी, आणि ती इतरांना सहसा उघडत नसे. प्रोग्रॅम बंद पडला म्हणजे पेटीची किल्लीच हरवते.

आणि प्रोग्रॅम बंद पडतातच. आउटलुक एक्स्प्रेसची सहावी आवृत्ति २००१ च्या विंडोज एक्सपीबरोबर आली. २००७ च्या व्हिस्टामध्यें त्याच्या जागीं विंडोज मेल आला. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजीं संपला. पुढील विंडोज लाइव्ह मेलचा आधार जानेवारी २०१७ मध्यें, आणि विंडोज १० बरोबर मिळणाऱ्या मेल या प्रोग्रॅमचा ३१ डिसेंबर २०२४ रोजीं काढून घेण्यांत आला. पाव शतकांत एकाच कंपनीच्या या चार पेट्या झाल्या.

यांपैकीं आउटलुक एक्स्प्रेसचें उदाहरण सविस्तर पाहण्यासारखें आहे, कारण त्यांतील पत्रें बहुधा चोरीमुळें वा विषाणूमुळें न जातां सद्हेतूनेंच नष्ट झालीं. त्याच्या डीबीएक्स फाइली "माय डॉक्युमेंट्स"मध्यें नसत. लांबलचक आंकड्या-अक्षरांचें नांव असलेल्या, एरव्हीं दृष्टीस न पडणाऱ्या एका फोल्डरांत त्या खोल दडलेल्या असत. संगणक बिघडला, दुकानांतील मनुष्यानें दस्तऐवज व फोटो यांची नक्कल काढून घेतली, डिस्क पुसून विंडोज नव्यानें बसविली, म्हणजे पत्रव्यवहार गेला असें समजावें. सर्व नक्कल झाली आहे असें मालक म्हणे, दुकानदारहि तेंच म्हणे, आणि दोघेहि आपल्या समजुतीप्रमाणें खरेंच बोलत.

म्हणून पहिलें काम त्या फाइलींचा पत्ता काढण्याचें. आउटलुक एक्स्प्रेसमध्यें टूल्स, ऑप्शन्स, मेन्टेनन्स असें जाऊन "स्टोअर फोल्डर" हें बटण दाबलें कीं पूर्ण पत्ता समोर येतो. नंतर प्रोग्रॅम बंद करावा आणि तो सबंध फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावा. प्रोग्रॅम चालू असतां घेतलेली नक्कल अर्धवट निघण्याचा संभव असतो. या नक्कलेस पुढें कोणीहि हात लावावयाचा नाहीं. सर्व प्रयोग दुसऱ्या नक्कलेवर करावयाचे. पत्त्यांची वही निराळ्या फाइलींत असते, ती वेगळी घ्यावी. ज्यांनीं त्या काळीं सीडीवर नक्कल काढून ठेविली, त्यांस ती परत घेतांना बहुधा प्रोग्रॅम दोष दाखवितो. अशा वेळीं पत्रें बिघडलीं असें समजण्याची घाई करूं नये. सीडीवरून आलेल्या फाइलींवर "केवळ वाचनासाठीं" अशी खूण राहते, आणि आउटलुक एक्स्प्रेसला अशी फाइल चालत नाहीं. प्रॉपर्टीजमध्यें जाऊन ती खूण काढली म्हणजे पुष्कळदां अडचण दूर होते. एका डीबीएक्स फाइलीची मर्यादा २ गिगाबाइट असे, आणि तिच्या जवळ पोंचलेली फाइल मात्र खरोखरच बिघडे.

जुना प्रोग्रॅम अद्याप चालत असल्यास पत्रें बाहेर काढण्याचा मार्ग आश्चर्य वाटावें इतका सोपा आहे. यादींतील पत्रें निवडून तीं माउसनें डेस्कटॉपवरील एखाद्या रिकाम्या फोल्डरांत ओढावीं. प्रत्येक पत्राची ईएमएल जातीची स्वतंत्र फाइल तयार होते, आणि तींत शीर्ष, मजकूर व जोडलेल्या फाइली जशाच्या तशा असतात. हजारों पत्रें एकदम न ओढतां थोडथोडीं ओढावीं, आणि प्रत्येक जुन्या फोल्डरास एक नवा फोल्डर करावा. पुढें हीं पत्रें थंडरबर्डच्या "लोकल फोल्डर्स"खालीं आणावीं. इम्पोर्ट-एक्स्पोर्ट टूल्स एनजी हें जोडसाधन बसविल्यास सबंध फोल्डर एकदम आंत घेतां येतो. घरगुती पत्रें अनोळखी संकेतस्थळावर चढवून तेथून रूपांतर करून घेणें मात्र सर्वथा टाळावें. मृत वडिलांचीं पत्रें परक्याच्या स्वाधीन करण्यापेक्षां एक रविवार खर्चीं पडलेला बरा.

मग मोजदाद. हा कंटाळवाणा भाग लोक गाळतात, आणि नेमका तोच गाळण्यासारखा नाहीं. स्थलांतरापूर्वीं प्रत्येक फोल्डरांतील पत्रांची संख्या कागदावर लिहून ठेवावी आणि नंतर ताडून पाहावी. एकीकडे ४,३१२ आणि दुसरीकडे ४,३०९ असतील, तर तीं तीन कोणतीं हें कळल्याशिवाय पुढें जाऊं नये. संख्या कधीं कधीं वाढतेहि! थंडरबर्डमध्यें पुसलेलें पत्र दिसेनासें झालें तरी फोल्डर दाबून लहान करीपर्यंत, म्हणजे "कॉम्पॅक्ट" करीपर्यंत, फाइलींत राहतें. ती फाइल तशीच दुसऱ्या प्रोग्रॅममध्यें नेली तर कधीं काळीं पुसलेलीं पत्रें उठून बसतात. तेव्हां असा फोल्डर आधीं दाबून घ्यावा. परंतु मूळ नक्कल सुरक्षित ठेवल्यानंतरच, आणि काम चालू असतां संगणक बंद न करतां. आउटलुक एक्स्प्रेसमध्यें हेंच काम अर्ध्यावर तोडल्यामुळें अनेकांनीं पत्रें गमाविलीं आहेत. संख्या जुळल्यावर सर्वांत जुनें, सर्वांत नवें, एखादें मोठ्या छायाचित्राचें आणि एखादें मराठी पत्र उघडून पाहावें.

युडोरा वापरणाऱ्यांनीं आणखी एक खबरदारी घ्यावी. १९८८ सालीं इलिनॉय विद्यापीठांत स्टीव्ह डॉर्नर यांनीं हा प्रोग्रॅम लिहिला. तो आलेल्या पत्रापासून जोडलेली फाइल वेगळी काढून दुसऱ्या फोल्डरांत ठेवी आणि पत्रांत तिच्या पत्त्याची केवळ एक ओळ शिल्लक ठेवी. पत्रपेटी नेली आणि तो फोल्डर मागें राहिला, तर नातवाच्या बारशाचें पत्र हातीं येतें आणि छायाचित्र मात्र येत नाहीं. त्या पत्रांची संख्या बिनचूक जुळते, हें विशेष.

पत्रें सर्व्हरवरच आहेत, मग चिंता कशाला, असेंहि म्हणणारे आहेत. आयमॅप या पद्धतींत संगणकावर दिसतें तें सर्व्हरवरील पेटीचें प्रतिबिंब होय. एकीकडे पुसलें कीं दोहींकडे पुसलें जातें. म्हणून जुनीं पत्रें हलवूं नयेत, त्यांची नक्कल करावी, आणि ती "लोकल फोल्डर्स"मध्यें, म्हणजे स्वतःच्या डिस्कवर ठेवावी. पत्रें सर्व्हरवर चढवून दुसरीकडे उतरविल्यास कधीं कधीं सर्वांच्या पुढें त्याच दिवसाची तारीख दिसूं लागते. ती पोंचल्याची तारीख असते. पत्राच्या शीर्षांतील मूळ तारीख शाबूत असते आणि यादी तिच्या क्रमानें लावतां येते. हें शीर्ष क्षुल्लक नव्हे. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमान्वयें इलेक्ट्रॉनिक नोंदी अटींसह पुराव्यांत येऊं शकतात. जागेच्या व्यवहाराचें एखादें जुनें पत्र नुसतें कागदावर छापून ठेवणाऱ्याच्या हातीं पूर्ण शीर्ष राहत नाहीं.

आतां मराठी पत्रांविषयीं. १९९१ सालीं युनिकोडमध्यें देवनागरीस स्थान मिळालें होतें, तरी घरगुती संगणकांवर तें रुळण्यास पुढें बरींच वर्षें लागलीं. तोंवर लोक शिवाजी, किरण यांसारख्या फॉन्टांत मराठी लिहीत. अशा पत्रांत वस्तुतः रोमन अक्षरांचेच संकेत साठविलेले असतात; विशिष्ट फॉन्ट त्यांवर देवनागरीचा पोशाख चढवितो. नव्या संगणकावर तो फॉन्ट नसला कीं आईचें पत्र निरर्थक रोमन अक्षरांची रांग होऊन समोर येतें, आणि पत्र बिघडलें असें समजून तें पुसून टाकलें जातें. मोडी न येणाऱ्यानें रुमालांतील कागद रद्दींत घालावा, तसाच हा प्रकार. पत्र रंगीत मजकुराच्या, म्हणजे एचटीएमएल स्वरूपांत असेल तर त्याचा मूळ मजकूर उघडल्यास फॉन्टचें नांव त्यांतच लिहिलेलें सांपडतें. साध्या मजकुराच्या पत्रांत तें नसतें, आणि लिहिणाऱ्यास वा त्याच्या घरच्यांस विचारावें लागतें. तीं माणसें आहेत तोंवर विचारून घ्यावें. युनिकोडमध्यें रूपांतर करणारीं साधनें आहेत, परंतु जोडाक्षरें व रफार यांत तीं अडखळतात. म्हणून रूपांतर मूळ पत्राशेजारीं ठेवावें, त्याच्या जागीं नव्हे. आणि त्या फॉन्टची लहानशी फाइल जुन्या संगणकाच्या "फॉन्ट्स" या फोल्डरांतून काढून, तिचें नांव कागदावर लिहून, पत्रांच्याच डिस्कवर ठेवून द्यावी.