शालेय मानसशास्त्रात डॉक्टरेट : कोणी करावी आणि कशासाठी?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात मोहोपाडा येथे दिलेले व्याख्यान)



आपल्या घरात 'डॉक्टर' हा शब्द निघाला की डोळ्यांपुढे दवाखाना येतो. मुलगा हुशार निघाला तर त्याला डॉक्टर करायचे, नाही तर इंजिनियर, हे बहुतेक घरांत ठरलेले असते. आज मी एका निराळ्या डॉक्टरविषयी बोलणार आहे. त्याच्याजवळ सुई नसते, औषधाची बाटली नसते. शाळेत येणारे मूल का शिकते आणि का अडते, याचा तो अभ्यास करतो. या विद्येला शालेय मानसशास्त्र म्हणतात. आपल्या समाजातल्या एखाद्या मुलाने वा मुलीने या विषयात थेट पीएच. डी. पर्यंत जावे, असे मला का वाटते ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. तोंडी हिशेबात त्याचा हात कोणी धरू शकत नसे. पण फळ्यावरचे चार ओळींचे लिखाण वहीत उतरवायचे म्हटले की अक्षरे गाळायची, उलटीसुलटी व्हायची. मी काय केले? चुकलेला शब्द वीस वेळा लिहायला लावला. त्याच्या अब्बांना बोलावून 'मुलगा लक्ष देत नाही, ढ आहे' असे सांगून मोकळा झालो. घरी गेल्यावर त्याला काय मिळाले असेल हे आपणांस वेगळे सांगायला नको. नववीत त्याची शाळा सुटली. आज तो एका गॅरेजमध्ये काम करतो आणि बिघडलेले इंजिन उघडून पुन्हा जोडून देतो. रस्त्यात भेटला की आदराने सलाम करतो. मलाच त्याच्याकडे नीट पाहवत नाही. बी. एड. ला शैक्षणिक मानसशास्त्र मी शिकलो होतो, त्या पेपरात चांगले गुणही मिळाले होते. परंतु त्या मुलाला ओळखण्याइतके ज्ञान माझ्याजवळ नव्हते, आणि ज्याला विचारावे असा माणूसही जवळपास नव्हता.

असाच एक मुलगा या शास्त्राच्या इतिहासात अगदी आरंभी भेटतो. १८९६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे एक शिक्षिका आपल्या वर्गातील चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन पेनसिल्व्हानिया विद्यापीठातील लाइटनर विटमर या मानसशास्त्रज्ञाकडे गेली. बाकी सर्व ठीक, पण मुलाला स्पेलिंग काही केल्या जमत नव्हते. विटमरने बारकाईने तपासले तेव्हा डोळ्यांतला दोष सापडला. चष्मा देण्यात आला आणि मग वाचन-लेखन नव्याने शिकवण्यात आले. या विषयाचा जन्म एका शिक्षिकेच्या शंकेतून झाला, हे माझ्या शिक्षक बांधवांनी अवश्य लक्षात ठेवावे. पुढे १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि सिमाँ यांनी पहिली बुद्धिमापन कसोटी तयार केली. कोणत्या मुलाला जादा मदत लागेल हे ओळखावे, एवढाच तिचा हेतू होता. मुलाची बुद्धी जन्मभर तेवढीच राहते, हे मत बिने यांना मान्य नव्हते.

आज आपल्या देशात कायदाही अशा मुलांच्या बाजूने आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस प्रकारची दिव्यांगता मोजली आहे, आणि त्यात वाचन, लेखन व गणितातील विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. तसे प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्याला दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी ही तपासणी होते. ज्यांच्या घरी असे मूल असेल त्यांनी लाज न बाळगता वेळीच तपासणी करून घ्यावी.

परंतु तपासणीच्या खोलीत आपले मूल बसले की एक निराळीच अडचण उभी राहते. ते घरी कोकणी बोलते, मदरशात अरबी वाचते, उर्दू शाळेत उर्दू लिहिते, बाजारात मराठी बोलते आणि शाळेतच इंग्रजीही शिकते. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, मराठी डावीकडून उजवीकडे. मराठीत प्रत्येक मात्रा, प्रत्येक वेलांटी लिहावी लागते. उर्दूत जेर, जबर, पेश सहसा लिहीतच नाहीत, वाचणाऱ्याने अर्थावरून ओळखायचे. उर्दूत 'स' च्या एका उच्चाराला सीन, से आणि स्वाद अशी तीन अक्षरे आहेत आणि 'ज़' च्या उच्चाराला जाल, जे, ज्वाद, जोय अशी चार. आता एखाद्या मुलाने स्वादच्या जागी सीन लिहिले तर ती अध्ययन अक्षमता समजायची, की त्या वयाच्या मुलांत सर्रास होणारी चूक? मराठी वाचताना अडखळला तर मेंदूत काही निराळे आहे, की भाषाच घरची नाही? मराठी वा इंग्रजी मुलांसाठी बेतलेल्या कसोटीवरून याचे उत्तर देणे धोक्याचे आहे. चांगले मूल ढ ठरेल, आणि ज्याला खरी मदत हवी त्याला 'उर्दूवाला आहे, म्हणून अडतो' असे म्हणून परत पाठवले जाईल. दोन्हीकडून नुकसान आपलेच.

हे काम समुपदेशकाच्या शिकवणीने होणारे नाही, ते संशोधनाचे काम आहे. शेकडो मुलांना वाचायला लावावे, कोणत्या वयाला कोणत्या चुका साधारणपणे होतात याची नोंद करावी, त्यावरून प्रमाणके बसवावीत, तेव्हा कोठे कसोटी तयार होते. पीएच. डी. हवी ती याच कामासाठी, दारावरच्या पाटीसाठी नव्हे. अमेरिकेतही शाळेत मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायला बहुतेक राज्यांत पदवीनंतरचे सुमारे तीन वर्षांचे विशेष शिक्षण पुरते, आणि त्यात बाराशे तासांची उमेदवारी असते. संशोधन करणारे आणि विद्यापीठात शिकवणारे मात्र सहसा डॉक्टरेटपर्यंत जातात.

आपल्याकडे असे कोणी केलेच नाही, असे नाही. बिने यांची कसोटी मुंबई इलाख्यातील मराठी आणि कन्नड मुलांसाठी व्ही. व्ही. कामत यांनी नव्याने बसवली आणि १९४० साली त्यावर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. 'कामत कसोटी' हे नाव मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आजही ठाऊक आहे. मानसशास्त्राचे डॉक्टर असलेल्या वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी १९६२ साली पुण्यात ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली. त्या संस्थेने बुद्धीच्या अनेक पैलूंच्या कसोट्या तयार केल्या, आणि तिची मानसशास्त्र शाखा शालेय मानसशास्त्राचे शिक्षणही देत आली आहे. मुंबईच्या पारशी पंचायतीने तर १९४७ सालीच आपल्या मुलांसाठी व्यवसाय मार्गदर्शन केंद्र काढले. संख्येने पारशी समाज केवढासा! पण मुलांचा कल शास्त्रीय रीतीने पाहावा, हे त्यांना तेव्हा सुचले. आपल्या समाजानेही १८७४ साली अंजुमन-ए-इस्लामची स्थापना झाली तेव्हापासून शाळा काढल्या, इमारती बांधल्या. आता त्या इमारतीत बसलेल्या मुलाकडे पाहण्याची वेळ आली आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आता वाट कशी आहे ते ऐका. आपल्याकडे पीएच. डी. बहुधा 'मानसशास्त्र' वा 'शिक्षणशास्त्र' या नावाने मिळते. शालेय मानसशास्त्र हा तिच्यातला संशोधनाचा विषय असतो. बारावी कोणत्याही शाखेची चालते. नंतर मानसशास्त्र घेऊन बी. ए. आणि दोन वर्षांचे एम. ए. करावे. मुंबई विद्यापीठात उपयोजित मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. पदव्युत्तर परीक्षेत पंचावन्न टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्गांना पाच टक्क्यांची सूट आहे. २०२४ पासून नेट परीक्षेचे गुण पीएच. डी. च्या प्रवेशासाठीही धरले जातात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच. डी. ला कमीत कमी तीन आणि साधारणपणे जास्तीत जास्त सहा वर्षे लागतात. म्हणजे बारावीनंतर आठ ते अकरा वर्षांचा हिशेब आधीच मनाशी करावा.

माझ्यासारख्या नोकरीतल्या शिक्षकाला अर्धवेळ पीएच. डी. करता येते, पण संस्थेची परवानगी लागते. आणखी एक गोष्ट. २०२५ पासून मानसशास्त्राची पदवी दूरशिक्षणाने वा ऑनलाइन देऊ नये, असा आयोगाचा आदेश आहे. तेव्हा 'घरबसल्या एम. ए. सायकॉलॉजी' अशी जाहिरात दिसली तर पैसे भरण्यापूर्वी नीट चौकशी करावी.

पैशाचे काय, हा प्रश्न पालकांच्या मनात आला असेलच. नेटमध्ये वरचे गुण मिळवून जे. आर. एफ. मिळाली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात आणि पुढे ४२,०००. तिला वयाची अट आहे : साधारणपणे तीस वर्षे, महिलांना आणि मागासवर्गीयांना पाच वर्षांची सवलत. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी असलेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप मात्र २०२२-२३ पासून नव्याने मिळणे बंद झाले, हे कटू असले तरी सांगितले पाहिजे. म्हणून जे. आर. एफ. साठी एम. ए. च्या पहिल्या वर्षापासूनच तयारीला लागावे.

'इतकी वर्षे शिकून नोकरी कोठे?' असे एक पालक मला म्हणाले. प्रश्न रास्त आहे. प्रत्येक शाळेत हे पद असलेच पाहिजे अशी व्यवस्था आपल्याकडे अजून रुजलेली नाही, आणि मी कोणाला खोटी आशा दाखवणार नाही. महाविद्यालये, रुग्णालये, विशेष मुलांच्या संस्था आणि मोठ्या शाळा येथे मात्र कामे आहेत. आपल्याच भागाचे पाहा. रसायनीच्या हिंदुस्थान ऑरगॅनिकच्या नोकरीला एके काळी आपण पक्की नोकरी म्हणत होतो. तो कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१७ साली झाला. गेटपाशी मिळणारी नोकरी कायमची, हा समज आता सोडायला हवा.

मुलींच्या आयांना दोन शब्द. एम. ए. झाल्यावर मुलगी तेवीस-चोवीस वर्षांची होते आणि घरात लग्नाची बोलणी सुरू होतात. लग्न जरूर करावे, पण बोलणी करतानाच तिचा अभ्यास पुढे चालेल असे ठरवून घ्यावे. मूल का अडते हे सांगायला आई ज्या मोकळेपणाने एका बाईजवळ बसेल, त्या मोकळेपणाने ती माझ्यासारख्या सरांसमोर बसणार नाही.

संस्थेला माझी विनंती एवढीच आहे. दरवर्षी दहावी झालेल्या मुलांतून या विषयाची आवड असलेला एक विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी निवडावी आणि तिच्या शिक्षणाचा भार एम. ए. पर्यंत उचलावा. गरजू विद्यार्थ्याला जकातीतून मदत करण्याची रीत आपल्यात आहेच. आणि आम्ही शिक्षकांनी आजपासून एक वही ठेवावी : कोणते मूल कोठे अडले, कोणते अक्षर चुकले, काय केल्यावर सुधारले. उद्या आपल्यातला कोणी संशोधनाला बसेल तेव्हा ही वही त्याच्या उपयोगी पडेल.

ती वही मी सुरू केली आहे. पहिल्या पानावर गॅरेजमधल्या त्या मुलाच्या चुका, मला आठवतात तेवढ्या, लिहून ठेवल्या आहेत. आपल्यापैकी जो कोणी हा अभ्यास करील त्याने ती माझ्याकडून मागून न्यावी.