तुरीचे गाडगे
(कुरुळी येथील भाषण)



आपल्या कुरुळीच्या शिवाराजवळ आता कारखाने उभे राहिले. कोणाची जमीन गेली, कोणाची थोडी राहिली. पण एखाद्या घरी अजून तुरीचे गाडगे असेल. आजीने राख लावून ठेवलेले बी त्यात असेल. पोरं म्हणतात, "दुकानात पिशवी मिळते. हे जुनं बी कशाला?" त्याचेच उत्तर आज सांगतो.

तुरीचा मर रोग तुम्हाला ठाऊक आहे. हिरवे झाड उभ्या उभ्या वाळते. या रोगाची बुरशी मातीत राहते, मुळातून झाडात शिरते. मग उपाय कुठे सापडला? बियातच सापडला!

हैदराबादजवळ इक्रिसॅट नावाची संस्था आहे. ती १९७२ साली निघाली. गावोगावच्या तुरीचे १३ हजारांहून जास्त नमुने तिथे थंड खोलीत जपले आहेत. रोगट जमिनीत पेरून त्यांची पारख करतात. त्यांत आपल्या महाराष्ट्रातली एक गावरान तूर होती. ती मर रोगाला पुरून उरली. तिच्यातून निवडलेला वाण १९८६ साली कर्नाटकात 'मारुती' नावाने आला.

पण मारुतीतही एक उणे होते. वांझ रोगापुढे तो टिकेना. या रोगात झाडाला पालाच पाला येतो, शेंग धरत नाही. मग निराळ्या तुरींचा संकर करून 'आशा' हा वाण काढला. तो १९९३ साली आला. तो दोन्ही रोगांना तोंड देतो.

बघा, सगळे गुण एका वाणात नसतात. एक तूर रोगाला दाद देत नाही, दुसरी लवकर येते. उद्या नवा रोग आला, तर त्याचा उपाय कोणाच्या गाडग्यात असेल, कोण सांगणार? कारखान्यात मोडका भाग पुन्हा घडवता येतो. संपलेला वाण पुन्हा घडत नाही.

मग काय करायचं? बी फार वर्षे ठेवू नका, त्याची उगवण जाते. बांधाला का होईना, पेरा. मधमाशा एका तुरीचे पराग दुसरीवर नेतात, म्हणून ती दुसऱ्या तुरीपासून लांब पेरा. निरोगी झाडांच्या शेंगा बियाला वेगळ्या काढा. जुने वाण जमवणारे सरकारी केंद्र अकोल्याला आहे. मूठभर बी तिथे पोचवा.

आणि आता तुम्हाला लिहिता येते. गाडग्यावर चिठ्ठी लावा. वाणाचे नाव, गाव आणि साल लिहा. आजीला जे तोंडपाठ होते, ते नातवाला वाचता येईल.