पाठीराख्याचे काम



साहित्य मंडळाच्या व्याख्यानमालेत दारू, पेट्रोल हुंगणारी मुले आणि कॅनडातले आदिवासी कुठून आले, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. माझी सुरुवात शब्दापासूनच आहे. इंग्रजीत ज्याला ‘सपोर्ट वर्कर’ म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणावे? ‘मदतनीस’ म्हटले की अंगणवाडी डोळ्यांपुढे येते, ‘साहाय्यक’ म्हटले की कचेरी. मी ‘पाठीराखा’ हा आपला जुना शब्द घेणार आहे. उपदेश करणारा समोर बसतो. पाठीराखा हाताच्या अंतरावर, मागे असतो. कॅनडातील आदिवासी समाज रानात, तळ्याकाठी व्यसनमुक्तीची जी शिबिरे चालवतात, ती या माणसाच्या जिवावर चालतात, आणि त्याच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही.

आधी भूमीचा मुद्दा. लॅब्राडॉरच्या किनाऱ्यावर डेव्हिस इनलेट नावाचे इन्नू लोकांचे गाव होते. इन्नू हे कॅरिबूच्या, म्हणजे तिकडच्या रानटी रेनडिअरच्या, कळपांमागे फिरणारे शिकारी. १९६७ साली त्यांना एका बेटावर वसवण्यात आले. हिवाळ्याच्या तोंडावर समुद्र गोठू लागला, किंवा वसंतात बर्फ फुटू लागला, की होडी चालत नसे आणि पायीही जाता येत नसे. शिकारीचे रान समोर दिसायचे, पण तिथवर पोचता यायचे नाही. घरांत नळाचे पाणी नव्हते. १९९३च्या जानेवारीत तिथल्या पेट्रोल हुंगणाऱ्या मुलांची चित्रफीत जगभर दाखवली गेली. मग मुलांना विमानाने दूर अल्बर्टा प्रांतातल्या केंद्रात नेले. ते केंद्र आदिवासींचेच होते, तिथल्या लोकांच्या कळकळीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. मुले परतली, आणि त्यांतली बरीच पुन्हा हुंगू लागली. ती परतली होती त्याच बेटावर.

२००२-०३मध्ये गाव मुख्य भूमीवर, नातुआशिश येथे हलले. तेवढ्याने व्यसन संपले असे मात्र समजू नका. २००८ साली गावाला मतदान घेऊन दारूबंदी करावी लागली. जागा बदलणे आणि भूमीशी नाते जुळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इन्नूंच्या भाषेत आतल्या मुलखाला ‘नुत्शिमित’ म्हणतात. त्या एका शब्दात शिकार, तंबू, आजोबांची वाट आणि बोलण्याची भाषा एवढे सारे येते. ‘निसर्गाच्या सान्निध्यात मन प्रसन्न होते’ या आपल्या सहलीच्या कल्पनेशी त्याची गल्लत करू नये.

हे नाते तुटले कसे? कॅनडात सुमारे दीड लाख आदिवासी मुलांना निवासी शाळांत घालण्यात आले. त्यातली शेवटची शाळा १९९०च्या दशकात बंद झाली. स्वतःची भाषा बोलले म्हणून तिथे मार बसे. आपल्या पूर्वजांनी परमुलखात येऊन मंडळे काढली, वाचनालये चालवली, गणपती बसवले आणि मराठी टिकवली. त्याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाही. पण आपली मुले कोणी घरातून उचलून नेली नव्हती, हेही त्याबरोबर आठवावे.

आता शिबिरात येऊ. युकॉनमधल्या व्हाइटहॉर्स शहराजवळ क्वानलिन डुन समाजाचे जॅक्सन लेक येथे असे शिबिर आहे, इतरत्रही आहेत. त्यांची रीत एक नाही. काही समाजांत तापलेल्या दगडांच्या वाफेची कुटी असते, काहींत ती परंपराच नाही. कुणी चर्चला जाणारा असतो, त्याला विधी नको असतो. पाठीराख्याने हे जाणले पाहिजे आणि कुणावर परंपरा लादू नये. लादलेल्या गोष्टींचा अनुभव त्या लोकांना पुरेसा आहे.

त्याचा दिवस दिसायला अगदी साधा असतो. लाकडे फोडणे, पाणी आणणे, चहा टाकणे, जाळे ओढणे, मासे साफ करून वाळत घालणे. शेजारी बसून मासा चिरताना माणूस जे बोलतो, ते टेबलापलीकडच्या समुपदेशकाला सांगत नाही. नजर माशावर असते, हात गुंतलेले असतात, आणि बराच वेळ कोणी काही बोलले नाही तरी चालते. रात्री कोणाला झोप येत नसेल तर शेकोटीपाशी जागा राहणारा हाच. वडीलधारे लोक वाटा, औषधी, प्राण्यांच्या खुणा शिकवतात, आणि शिकणारा घाबरून मागे सरला तर पाठीराखा त्याच्याजवळ थांबतो.

या साधेपणाला एक कठोर बाजू आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम सोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून रानात नेण्याआधी वैद्यकीय तपासणी आणि गरज असेल तर देखरेखीखाली दारू उतरवणे आवश्यक असते. अफूवर्गीय नशा करणाऱ्याचे आणखी वेगळे. काही आठवडे नशा न केल्याने शरीराची सहनशक्ती घटते, आणि घरी जाऊन त्याने पूर्वीइतकाच डोस घेतला तर तो मरू शकतो. हे निरोपाच्या दिवशी आडपडदा न ठेवता सांगणे आणि नालॉक्सोन हे उतारा देणारे औषध त्याच्या घरच्यांच्या हाती देणे हेही पाठीराख्याच्याच कामात येते. शुभेच्छांच्या समारंभात हा विषय कोणाला नको असतो, हे मी समजू शकतो.

पाठीराखा बहुधा स्वतः व्यसनातून बाहेर पडलेला असतो. पुण्याचे मुक्तांगण ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. तिथेही पूर्वीचे रुग्णमित्र नव्या रुग्णांना सांभाळतात. पण लहान वस्तीत आणखी एक अडचण येते. शिबिरात येणारा त्याचा चुलतभाऊ असतो, किंवा ज्याने कधीकाळी त्याच्या बहिणीला त्रास दिला तो असतो. गुपित राखायचे, आणि संध्याकाळी त्याच दुकानात मीठ आणायला जायचे. या श्रमाची पगारपत्रकात नोंद होत नाही. निधी वर्षावर्षाच्या बोलीवर, नोकरी हंगामी. मला विचाराल तर सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत कच्ची बाजू हीच आहे.

राहिला घरी परतण्याचा प्रश्न. ब्रिटिश कोलंबियातल्या अल्कली लेक या गावात जवळपास सगळी प्रौढ माणसे दारूत बुडाली होती. १९७२ साली फिलिस चेल्सी यांनी दारू सोडली. आईवडील पीत होते म्हणून लहान मुलीने घरी यायला नकार दिला होता. पाठोपाठ पती अँडी यांनी सोडली. ते गावाचे प्रमुख झाले. मदतीच्या रोख रकमेऐवजी अन्न-कपड्यांची चिठ्ठी देणे, चोरटी दारू विकणाऱ्यांना पकडून देणे, असे कडू निर्णय त्यांनी घेतले. आप्त दुरावले. दहा-बारा वर्षांत बहुतेक गाव दारूमुक्त झाले, आणि त्या कथेवरच्या चित्रपटात गावकऱ्यांनी आपापल्या भूमिका केल्या.

या कथेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग मात्र निर्णयांत नाही. कोणी उपचाराला बाहेरगावी गेला की मागे राहिलेले लोक त्याची मुले सांभाळत. त्याच्या घरात शिरून डागडुजी करत, रंग देत. तो परत येई तेव्हा दार तेच असे, पण आतली भिंत नव्याने रंगवलेली असे, आणि चूल पेटवायला कोणीतरी आधीच येऊन बसलेले असे.