उंटअळीचा सातबारा

केज-अंबाजोगाईकडच्या सोयाबीनच्या रानात पाठीची कमान करून चालणारी हिरवी अळी तुम्ही पाहिली असेल. तिला आपण उंटअळी म्हणतो. बांधावरच्या बाभळीवर तशीच चालणारी अळी दिसली, तर तीही आपल्या लेखी उंटअळीच. पण दोघींची कुळे वेगळी असू शकतात. खूण सोपी आहे. मागचे मांसल पाय मोजा. सोयाबीनवरच्या अळीला तीन जोड्या, तर खऱ्या मोजणीदार अळीला दोनच. ही दुसरी जिओमेट्रिडी कुळातली. जमीन मोजणारा, या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव पडले.

लिनियसने 1758 साली या पतंगांना नावे देताना एक युक्ती केली. मिशा कंगव्यासारख्या असतील तर नावाच्या शेवटी ‘आरिया’, दोऱ्यासारख्या असतील तर ‘आटा’. पुढे ‘सेमिओथायसा’ या एकाच प्रजातीत जगभरचे पतंग कोंबले गेले. स्कोबल आणि क्रूगर यांनी 2002 साली या गटाची फेरमांडणी प्रसिद्ध केली. आशिया-आफ्रिकेतले त्यांपैकी अनेक पतंग आता ‘कायाझ्मिया’ प्रजातीत धरतात. त्यांच्या अळ्या मुख्यतः बाभूळ-शिरसाच्या गोतातल्या झाडांवर वाढतात.

भारतात आढळणाऱ्या एका पतंगाचे नाव असे लिहितात : कायाझ्मिया इमरसारिया (वॉकर, 1861). वॉकर कंसात का? त्याने नाव ठेवले तेव्हा हा पतंग दुसऱ्या प्रजातीत होता. सातबाऱ्यावर नावाला कंस झाला की हक्क संपतो. इथे मात्र उलट. घर बदलले, पण नाव ठेवणाऱ्याचा मान कायम, असे हा कंस सांगतो.

शेतकऱ्याला याचा काय उपयोग, असे मला विचारतात. निजामाच्या काळातले दप्तर चाळताना मोमिनाबाद म्हणजेच अंबाजोगाई हे ठाऊक नसेल, तर कागद हाती असूनही गाव सापडत नाही. हॅम्पसनच्या 1895 सालच्या ग्रंथातल्या नोंदींचेही तसेच. जुने नाव नव्याला जोडले, तरच शंभर वर्षांपूर्वीची निरीक्षणे आज कामाला येतात.

तेव्हा फवारणीआधी अळी काडीवर घ्या, पाय मोजा, कोणत्या झाडावर सापडली ते लिहून ठेवा आणि मगच जाणकाराला विचारा. बाभळीवरची प्रत्येक अळी सोयाबीनची वैरी नसते. नाव चुकले की औषध चुकते, आणि औषध चुकले की पैसा मातीत जातो.